गर्भाशयात गाठ आणि अंगावरून जास्त जाणं: उपचार कसा ठरवायचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ हा शब्द वाचला की घरात एकच चर्चा सुरू होते: पिशवी काढावी लागेल का? हा प्रश्न खरं तर बराच पुढचा आहे. त्याआधी रक्त किती जातंय, अंगात किती उरलंय, गाठ नेमकी कुठे बसली आहे आणि पुढच्या काही वर्षांत तुम्हाला काय हवं आहे, हे कळायला हवं. ही उत्तरं हातात आली की उपचारांची लांबलचक यादी बहुतेक वेळा दोन-तीन पर्यायांवर येऊन थांबते.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची साधी गाठ. ती कर्करोगाची नसते. पन्नाशीपर्यंत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त बायकांच्या गर्भाशयात अशी एखादी गाठ झालेली असते आणि त्यातल्या पुष्कळ जणींना तिचा पत्ताही लागत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसते, म्हणून पाळी चालू असेपर्यंत वाढू शकते आणि पाळी कायमची गेल्यावर सहसा आकसते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ सापडली आणि तुम्हाला कसलाच त्रास नसेल, तर तिला हात न लावणं हाच बरोबर निर्णय असतो.

पुढचं सगळं ज्यांना रक्तस्रावाचा त्रास आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी तातडीचं

दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास किंवा जास्त चाललंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, जिना चढताना धाप लागते किंवा छातीत दुखतं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पाळी चुकल्यानंतर जास्त रक्तस्राव सुरू झाला असेल तर आधी गर्भधारणा चाचणी. गाठ आहे हे माहीत असल्यामुळे ‘हे नेहमीचंच’ असं धरून चालणं आणि गर्भपात किंवा नळीतला गर्भ नजरेतून सुटणं, ही चूक महागात पडते.

पहिली पायरी: रक्तस्राव मोजा

‘खूप जातं’ एवढ्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. वैद्यकीय व्याख्येत एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त. घरी मिलिलिटर मोजणार कसे? त्यासाठी १९९० मध्ये एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरात आहे. प्रत्येक बदललेल्या पॅडला गुण द्यायचे: जेमतेम डागलेलं असेल तर १, मध्यम भिजलेलं ५, पूर्ण भिजलेलं २०. टॅम्पॉन वापरत असाल तर १, ५ आणि १०. लहान गुठळी पडली तर १, मोठी पडली तर ५. पाळीच्या शेवटी बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव साधारण ८० मिलिलिटरच्या पुढे आहे असं समजायचं.

उदाहरणार्थ, दुसऱ्या दिवशी चार पूर्ण भिजलेली पॅड (८०), तीन मध्यम (१५) आणि दोन मोठ्या गुठळ्या (१०) झाल्या, तर एकाच दिवसाचे १०५ गुण झाले.

निदान दोन पाळ्यांची नोंद ठेवा आणि ती रोजच्या रोज लिहा. आठवडाभराने आठवून लिहिलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण वाईट दिवस लक्षात राहतात आणि बाकीचे विसरतात. पॅडचा ब्रँड मध्येच बदलू नका. जास्त शोषणारी पॅड वापरली तर गुण फसवे निघतात. मेन्स्ट्रुअल कप वापरणारीला हा खटाटोपच नाही, कपावरच मिलिलिटरच्या खुणा असतात. सोबत हेही लिहा: पाळी किती दिवस टिकली, रात्री पॅड बदलायला उठावं लागलं का, कामाला किंवा बाहेर जाणं टाळलं का. अलीकडे निर्णय घेताना ८० मिलिलिटरच्या आकड्यापेक्षा रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो यालाच जास्त वजन दिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

रक्तस्राव किती यापेक्षा कधी होतो हे कधीकधी जास्त सांगून जातं. पाळी वेळेवर येते, पण भरपूर आणि लांबते, तर फायब्रॉइडचा संशय रास्त. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसतं, अथवा तारखांचा काही ताळमेळच नाही, तर पॉलिप (अस्तरावरची छोटी, मऊ वाढ), गर्भाशयाच्या अस्तरातले बदल, गर्भाशयमुखाचे विकार किंवा बीज तयार न होणं अशी दुसरी कारणं शोधावी लागतात, मग रिपोर्टमध्ये गाठ असो वा नसो. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नसेल, थोड्याशा धक्क्याने काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्याचा दोष, विशेषतः व्हॉन विलेब्रांड, तपासून घ्या. आणि कॉपर-टी बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा. गाठीवर खापर फुटतं आणि खरं कारण बाजूलाच राहतं, असं पुष्कळदा होतं.

दुसरी पायरी: अंगातलं रक्त भरून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरलेलं असताना घेतलेला निर्णय हा घाबरून घेतलेला निर्णय असतो, आणि त्या अवस्थेत भूल आणि ऑपरेशन दोन्ही जास्त जोखमीचं.

दोन तपासण्या करा: हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना आणि फेरिटिन. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया, ८ च्या खाली तीव्र. फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह. ते ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असलं तरी साठा रिकामा होत आलाय असं बहुतेक डॉक्टर धरतात. केस गळणं, थकवा, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं ही लक्षणं अनेकदा याच टप्प्यावर सुरू होतात.

लोहाची गोळी घेताना पाकिटावरचा मोठा आकडा फसवतो. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये ३५. दिवसातून एकदा ४० ते ६५ मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह बहुतेकींना पुरतं. दिवसातून तीनदा घेण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण एक डोस घेतल्यावर हेप्सिडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि जवळजवळ दिवसभर पुढच्या लोहाचा रस्ता अडवून ठेवतं. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घ्या, शोषण फारसं बिघडत नाही. रिकाम्या पोटी घेणं उत्तम. चहा-कॉफी, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं यांच्यापासून दोन तास तरी लांब. शौचाला काळं होणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमने वर यायला हवं. आलं नाही तर तीनच शक्यता उरतात: गोळी नियमित घेतली जात नाही, ती शोषली जात नाही, किंवा भरतंय त्यापेक्षा जास्त वाहून जातंय. तिन्हींचा पुढचा मार्ग बहुधा शिरेतून लोह देणं हाच असतो. आजची इंजेक्शनं पूर्वीपेक्षा खूप सुरक्षित आहेत. ऑपरेशन दोन-तीन आठवड्यांवर आलं असेल तर गोळ्यांवर विसंबून राहू नका. हिमोग्लोबिन सुधारलं की गोळ्या लगेच बंद करण्याची चूकही सर्रास होते. साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने लागतात.

तिसरी पायरी: गाठ कुठे आहे ते समजून घ्या

रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर सेंटिमीटरवर जाते. रक्तस्रावाच्या बाबतीत मात्र आकारापेक्षा जागा महत्त्वाची. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी २ सेंटिमीटरची गाठ महिन्याला घर भिजवू शकते, आणि बाहेरच्या बाजूला वाढलेली ८ सेंटिमीटरची गाठ पाळीत थेंबाचाही फरक करत नाही. तिचा त्रास असेल तर मूत्राशयावर किंवा आतड्यावर दाबाचा.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, २०११ मध्ये गाठींना ० ते ८ असे क्रमांक दिले. रिपोर्टमध्ये तो क्रमांक नसेल तर मागा. ० म्हणजे देठावर लोंबणारी, पूर्ण पोकळीत. १ म्हणजे निम्म्याहून जास्त भाग पोकळीत. २ मध्ये निम्मा किंवा जास्त भाग भिंतीत असतो. ३ पूर्ण भिंतीत, पण अस्तराला टेकलेली. ४ पूर्ण भिंतीत. ५ आणि ६ बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, ७ बाहेर देठावर, आणि ८ म्हणजे गर्भाशयमुखासारख्या इतर जागी. ०, १, २ या रक्तस्रावाच्या मुख्य गुन्हेगार, ३ आणि ४ सुद्धा मोठ्या झाल्या की पोकळीचं क्षेत्र वाढवून रक्त वाढवतात. ५ ते ७ क्रमांकाच्या गाठीसाठी ‘रक्त थांबावं म्हणून’ ऑपरेशन सुचवलं असेल तर कारण नीट विचारून घ्या.

पहिली तपासणी योनीमार्गे सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पोकळीतली छोटी गाठ सहज सुटते. शंका राहिली तर पोकळीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी करतात किंवा हिस्टेरोस्कोपी, म्हणजे बारीक दुर्बीण आत घालून थेट बघणं. एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठी खूप असतील, एम्बोलायझेशनचा (गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा) विचार चालू असेल, किंवा गाठ आहे की ॲडिनोमायोसिस हे सोनोग्राफीत कळत नसेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी स्नायूत शिरलेल्या असतात, त्यामुळे ‘गाठ काढून टाकू’ असं म्हणत पोट उघडलं तरी काढण्यासारखी वेगळी गाठच सापडत नाही. हा गोंधळ टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराची बायॉप्सी टाळू नका. त्याआधीही वजन जास्त, पीसीओएस, टॅमॉक्सिफेनची (स्तनाच्या कर्करोगावरची) गोळी, पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं किंवा औषधांनी फरक न पडणं यांपैकी काही असेल तर ती करावी. बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातच पाच-दहा मिनिटांत नमुना घेता येतो.

इथेच क्युरेटिंगबद्दल. ‘पिशवी साफ केली की बरं होईल’ ही समजूत अजून जिवंत आहे. क्युरेटिंगने गाठ जात नाही. एखादी पाळी बरी जाते, पुन्हा तेच. जीवघेणा रक्तस्राव तात्पुरता थांबवायला किंवा नमुना घ्यायला त्याचा उपयोग आहे, उपचार म्हणून नाही.

चौथी पायरी: स्वतःला विचारा

मूल हवं आहे का, किंवा हवं असण्याची शक्यता तरी आहे का? पाळी जायला अंदाजे किती वर्षं आहेत? गर्भाशय राहावं असं तुम्हाला वाटतं का, आणि त्यासाठी काही वर्षांनी दुसऱ्यांदा प्रक्रिया करावी लागली तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं असतं आणि कुठलंच चूक नसतं. एखादी म्हणते, एकदाच काय ते करा आणि मोकळं करा. दुसरीला गर्भाशय काढण्याची कल्पनाच नको वाटते. हे उत्तर सासर-माहेर किंवा डॉक्टरने तुमच्या वतीने देऊ नये.

४८ वर्षांच्या स्त्रीला दोन-तीन वर्षं निभावून नेणारं औषध पुरेसं होऊ शकतं. ३३ व्या वर्षी तेच औषध म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं.

पाचवी पायरी: औषधांचे पर्याय

ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे संप्रेरक नाही. रक्ताची गुठळी लवकर विरघळू न देणं एवढंच त्याचं काम. साधारण मात्रा १ ग्रॅम दिवसातून तीनदा, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत, चार-पाच दिवसांपर्यंत. रक्तस्राव जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. लोकांची चूक अशी की पाचशेची एकच गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात, किंवा तिसऱ्या दिवशी सुरू करतात, आणि ‘गुण आला नाही’ म्हणतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा हवी. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर हे औषध नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते.

मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम तीनदा किंवा आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्त थोडं कमी होतं, दुखणंही थांबतं. जेवणानंतर घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲस्पिरिनने दमा उठत असेल तर टाळा. ट्रानेक्झॅमिक ॲसिडसोबत देता येतं. मूल हवं असणारीसाठी ही दोन्ही औषधं सोयीची, कारण गर्भनिरोधक नाहीत. मात्र प्रत्यक्ष दिवस राहिल्याची शंका असेल तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संप्रेरकाची टी (५२ मिलिग्रॅमची) हा गर्भाशयाची पोकळी वाकडीतिकडी नसलेल्यांसाठी फार चांगला पर्याय आहे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, पोकळीत न शिरलेल्या गाठी असतील तर आधी हिचाच विचार व्हावा असं आमचं मत आहे. हिची बदनामी होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. रोज थोडं थोडं डागत राहतं आणि वैतागून बाई ती काढून टाकते, नेमकी फायदा सुरू होण्याच्या आधी. हे बसवतानाच सांगितलेलं असेल तर सहन होतं. पोकळीत गाठ असेल तर टी आपोआप बाहेर पडण्याची शक्यता वाढते. मोठ्या गुठळीबरोबर ती निघून गेल्याचं अनेकींच्या लक्षातही येत नाही, म्हणून दोरा अधूनमधून तपासा.

गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्त कमी होतं, गाठ छोटी होत नाही. ३५ च्या पुढे धूम्रपान, नजरेसमोर चमक येणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा गुठळीचा इतिहास यांपैकी काही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी वर्ज्य. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम तीनदा हे भडकलेला रक्तस्राव थांबवायला वापरतात. ते बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पाळीसारखं रक्त येणारच. तो बिघाड नव्हे, औषध बंद झाल्याची खूण आहे. अनेक जणी घाबरून पुन्हा गोळी सुरू करतात आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालतं.

पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनं (ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन) ऑपरेशनपूर्वी तीन महिने देतात. गाठ साधारण एक तृतीयांश ते निम्मी होते, आणि तेवढ्या काळात लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणता येतं. खरा फायदा हाच. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्त उलट वाढू शकतं, अंगातून वाफा येतात, हाडं झिजतात, म्हणून एकटं औषध सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. थांबवलं की गाठ पुन्हा पूर्वीच्या आकाराकडे जाते. गाठ काढताना तिच्याभोवतीचा थर अस्पष्ट झाल्याची तक्रारही काही सर्जन करतात.

याच कामाच्या तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्या म्हणजे एलागोलिक्स आणि रेलुगोलिक्स. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. त्यांच्यासोबत थोडं इस्ट्रोजेन आणि नॉरएथिस्टेरॉन दिलं जातं, त्यामुळे वाफा आणि हाडांची झीज आटोक्यात राहते. रेलुगोलिक्सच्या मुख्य चाचण्यांत दहापैकी सात जणींचा रक्तस्राव समाधानकारक उतरला. अमेरिकेत वापराची मर्यादा दोन वर्षं आहे. गुठळी होण्याचा धोका असलेल्यांना या चालत नाहीत, आणि गोळी थांबली की त्रास परततो. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्या जास्त शोभतात.

युलिप्रिस्टल ही फायब्रॉइडवरची आणखी एक गोळी मात्र सहज सुरू करू नका. यकृत निकामी होण्याच्या, प्रत्यारोपणापर्यंत गेलेल्या घटनांनंतर युरोपात २०२० मध्ये त्यावर कडक निर्बंध आले.

गाठ विरघळवण्याचा दावा करणाऱ्या चूर्ण-काढ्यांपैकी कशाचीही खात्रीशीर सिद्धता नाही. त्यात वर्ष गेलं की हिमोग्लोबिन मात्र नक्की विरघळतं.

सहावी पायरी: प्रक्रिया आणि ऑपरेशनं

क्रमांक ० किंवा १ ची, तीन-चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर योनीमार्गे दुर्बिणीतून ती कापून काढणं, म्हणजे हिस्टेरोस्कोपिक मायोमेक्टमी, हा सगळ्यात सरळ मार्ग. पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. इथला मुख्य धोका पाण्याचा. पोकळी फुगवायला सोडलेला द्रव रक्तात शोषला जातो. निरोगी स्त्रीत सलाइन वापरलं असेल तर २५०० मिलिलिटर आणि ग्लायसीनसारखा क्षारविरहित द्रव असेल तर १००० मिलिलिटर शोषला गेल्यावर थांबायचं असतं, नाहीतर फुप्फुसात पाणी किंवा रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज. क्रमांक २ ची गाठ म्हणूनच कधी दोन बैठकांत काढावी लागते. ‘अर्धवट सोडलं’ असं वाटून घेऊ नका, तो शहाणपणा असतो. समोरासमोरच्या भिंतींवर दोन गाठी असतील तर दोन्ही एकाच वेळी काढल्याने भिंती चिकटू शकतात, हे मूल हवं असणारीने विचारून घ्यावं.

भिंतीतल्या मोठ्या गाठी आणि गर्भाशय राखायचं असेल तर पोटातून मायोमेक्टमी, उघड्या पद्धतीने किंवा पोटाच्या दुर्बिणीतून. रक्त बरंच जाऊ शकतं. ते कमी करायला शस्त्रक्रियेत व्हॅसोप्रेसिन टोचतात, रक्तवाहिन्यांवर पट्टा आवळतात, आधी मिसोप्रोस्टॉल देतात. यांपैकी काय करणार हे विचारायला संकोच नको. क्वचित रक्त आवरत नाही आणि गर्भाशय काढावं लागतं. संमतिपत्रात ही ओळ असतेच, ती वाचून सही करा. गर्भधारणेसाठी साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगतात, आणि गाठ खोल असेल तर पुढचं बाळंतपण सिझेरियनने. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत जपून ठेवा. भिंत किती खोल कापली, पोकळी उघडली का, हे प्रसूतीच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला हवं असतं. नव्या गाठी येऊ शकतात, आणि एकाहून जास्त गाठी असणारीत ही शक्यता अधिक.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात मोठी गाठ छोट्या छिद्रातून बाहेर काढायला तिचे तुकडे करावे लागतात. ‘साधी’ वाटणारी गाठ क्वचित सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची निघते, आणि तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये यंत्राने तुकडे करण्याविरुद्ध इशारा दिला. आता पोटात एक बंद थैली सोडून, गाठ तिच्यात घेऊन, मग तुकडे करतात. वय जास्त असेल, विशेषतः पाळी गेलेली असेल, तर हा प्रश्न जास्त गंभीरपणे विचारा.

गर्भाशयाच्या धमनीचं एम्बोलायझेशन १९९५ मध्ये फ्रान्समधून प्रथम मांडलं गेलं. हे सर्जन नव्हे, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत वाळूसारखे कण सोडायचे. गर्भाशय राहतं, पोट उघडत नाही. सहा महिन्यांत गाठीचं आकारमान साधारण निम्मं होतं. पहिले बारा-चोवीस तास जोरदार दुखतं, त्यासाठी वेदनाशामकाची पक्की योजना हवी. नंतर काही दिवस बारीक ताप, मळमळ, थकवा. पण ताप आठवड्यानंतर वाढू लागला, दुर्गंधीयुक्त स्राव आला, तर तो संसर्ग समजून लगेच जा. पोकळीतली गाठ काही आठवड्यांनी तुकड्यातुकड्याने बाहेर पडू शकते, आणि अडकली तर डॉक्टरला काढावी लागते. पाच वर्षांत साधारण चारपैकी एकीला, काही अभ्यासांत तिघींपैकी एकीला, पुन्हा काहीतरी करावं लागतं. पंचेचाळिशीच्या पुढे अंडाशयाचं काम थंडावण्याचा धोका वाढतो. मूल हवं असणारीसाठी पहिली पसंती बहुतेक ठिकाणी मायोमेक्टमीलाच आहे. ब्रिटनमधल्या २५४ स्त्रियांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दोन वर्षांनंतर मायोमेक्टमी झालेल्यांचं जीवनमान थोडं बरं निघालं. फरक मोठा नव्हता.

गाठ उष्णतेने जाळण्याच्या पद्धती, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी आणि एमआरआयच्या साहाय्याने केंद्रित अल्ट्रासाउंड, मोजक्या केंद्रांत मिळतात आणि मोजक्याच गाठींना लागू पडतात. अस्तर जाळणं (एंडोमेट्रियल ॲब्लेशन) हे लहान गाठी आणि कुटुंब पूर्ण झालेल्यांसाठी. त्यानंतरही गर्भनिरोधक लागतंच, कारण जळलेल्या अस्तरात राहिलेली गर्भधारणा धोकादायक असते.

गर्भाशय काढणं, हिस्टेरेक्टमी, हा एकमेव पर्याय ज्यानंतर गाठ परत येत नाही. योनीमार्गे जमत असेल तर तेच, नाहीतर दुर्बीण, तेही नसेल तर पोट उघडून, असा क्रम ठेवावा. योनीमार्गे किंवा दुर्बिणीने केलं तर तीन-चार आठवड्यांत, पोट उघडून केलं तर सहा ते आठ आठवड्यांत बाई कामाला लागते. मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा ही ओळखीची गुंतागुंत, आणि ऑपरेशननंतर कुशीत दुखणं, ताप किंवा सतत पाणी झिरपणं ही तिची लक्षणं.

अंडाशयांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. ‘पिशवीबरोबर तेही काढून टाकू’ हे वाक्य पाळी चालू असलेल्या, आनुवंशिक कर्करोगाचा धोका नसलेल्या स्त्रीसाठी सहसा बरोबर नसतं. अंडाशय गेले की त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती, हाडं आणि हृदय दोन्हींवर भार. ते ठेवले तर संप्रेरकं चालू राहतात, फक्त त्यांचं काम थोडं लवकर थांबू शकतं. गर्भनलिका मात्र काढायला सांगितल्या तर हरकत नाही, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका त्याने कमी होतो. गर्भाशयमुख ठेवलं असेल तर नियमित तपासणी चालू ठेवावी लागते आणि काहींना दर महिन्याला थोडं डागत राहतं.

डॉक्टरकडे जाताना

गुणांची नोंद, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचे आकडे, सोनोग्राफीच्या फिल्म, चालू औषधांची यादी सोबत न्या. मग चार गोष्टी विचारा. माझ्या गाठीचा क्रमांक काय? हा पर्याय माझ्या त्रासावर का लागू पडतो? पाच वर्षांत पुन्हा उपचार लागण्याची शक्यता किती? तुमच्या इथे होत नाही, पण मला लागू पडेल असा कुठला पर्याय आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. एम्बोलायझेशन किंवा हिस्टेरोस्कोपी ज्या ठिकाणी होत नाही, तिथे त्यांचं नावही निघत नाही, असं सहज होतं. रक्त आटोक्यात असेल तर दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे निश्चिंत घ्या. गाठीला एवढी घाई नसते.

उपचारानंतर

कुठलाही मार्ग घेतला तरी तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पुन्हा तपासा, आणि एक पाळी गुण लिहून पाहा. पूर्वीच्या बेरजेशेजारी नवी बेरीज ठेवली की उपचार चालला की नाही ते कळतं. त्रास गेला असेल तर दर वर्षी सोनोग्राफी करून गाठ मोजत बसायची गरज नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदाही रक्त दिसलं, तर ‘जुनी गाठ आहे ना’ म्हणून सोडू नका. त्या वयात आधी अस्तराची तपासणी होते, मग गाठीचा विचार.